मुलाच्या रक्तात डेसिलिटरमागे ८ मायक्रोग्रॅम शिसं आलंय. त्याचे वडील उद्यमनगरात बॅटरीचं काम करतात. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात ते कुठून येत असेल?

जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपासूनच स्रोत शोधायला सांगते, त्यामुळे थांबू नका.

आधी खिडक्या-दारं बघा. पल्ला चौकटीला घासतो तिथं जुन्या ऑइलपेंटची भुकटी पडते; पोरगं तिथंच हात ठेवतं आणि तोच तोंडात घालतं. रंगातल्या शिशावर आपल्याकडं ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीचा रंग संशयितच धरा. खरवडू मात्र अजिबात नका! ओल्या फडक्यानं पुसा.

मुलाचे वडील बॅटरीचं काम करतात म्हणालात; बॅटरीतल्या शिशाची धूळ कपड्यांवरून घरात येते. मग कामाचे कपडे, चपला घराबाहेरच, धुणंही वेगळं. भडक पिवळी सुटी हळद, सुरमा, कल्हईची भांडी यांतही शिसं असू शकतं, ती सध्या बंद.

रक्त बोट टोचून घेतलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून शिरेतलं रक्त घेऊन पुन्हा तपासा.