दसऱ्याला पेटी उघडा

मागच्या अंकात परसातल्या मधपेट्यांबद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि या महिन्याच्या टपालात गुलाबाच्या कलमांना कुणी विचारीना. माश्यांचीच पत्रं जास्त. त्यातली चार घेते.

प्रश्न : चैत्रात सातेरीची, म्हणजे आपल्या देशी मधमाशीची, पेटी आणली, पहिलंच वर्ष. पावसात कशीबशी तगली. मोबाइलवर बघतो तर लोक थंडीसाठी पेटीला थर्माकोल लावतात, वरून ब्लँकेट गुंडाळतात. आमच्याकडं पहाटे चांगलंच गारठतं. मी काय गुंडाळू? – जांबोटी, ता. खानापूर, जि. बेळगाव

काही गुंडाळू नका, दादा. ते व्हिडिओ बर्फाच्या मुलखातले. तिथं चार-पाच महिने फूल दिसत नाही. माश्या एकमेकींना बिलगून गोळा करतात, अंग थरथरवून ऊब धरतात आणि साठवलेला मध खात बसतात. म्हणून तिकडं एका पेटीत वीस किलोच्या पुढं मध सोडावा लागतो, आणि माशीही आपली नव्हे, मेलिफेरा नावाची परदेशी जात.

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे ते खरं. अडीच हजार फुटांवरचं गाव, डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतोच. पण नऊ-साडेनऊला ऊन अंगणात उतरलं की माशी बाहेर पडते. आपल्या माशीचा खरा हिवाळा आषाढ-श्रावणात होऊन गेला. तुमच्या जांबोटी-कणकुंबीकडं तर आठ-आठ दिवस झड लागते. फुलं धुऊन जातात, माशी दाराशी येऊन आत फिरते. त्या दिवसांत राणी अंडी घालणं कमी करते, पोळी ओस पडतात, माश्या निम्म्यावर येतात. थंडीच्या तोंडावर तुमच्या हातात असते ती अशी आजारातून उठलेली पेटी.

हे मला कळायला एक पेटी घालवावी लागली. पहिल्या वर्षी दिवाळीला पाहुणे यायचे होते. घरचा मध वाढायची हौस, म्हणून मधाच्या दोन चौकटी काढल्या. मग मार्गशीर्षात वाटलं, बिचाऱ्यांना थंडी वाजत असेल. पोतं गुंडाळलं, त्यावर खताच्या पिशवीचं प्लास्टिक, वर सुतळी. आमचे हे म्हणालेसुद्धा, "म्हशीला घालतीस काय झूल?" संक्रांतीला सोडलं तर झाकणाच्या आतून पाणी ओघळलेलं, कडेच्या पोळ्यांना बुरा, मधल्या पोळ्यांवर कोळिष्टकासारखी जाळी आणि त्यात बोटाच्या पेराएवढ्या अळ्या. माशी एक नाही. मेल्या नव्हत्या, उठून गेल्या होत्या. सातेरी उपाशी राहिली, ओलीला किंवा किड्याला वैतागली की घर सोडते. पुढं तीन वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, पेटी थंडीनं गेली. ती गेली माझ्या दोन चौकटींनी आणि त्या प्लास्टिकनं.

तेव्हा तुम्ही एवढं करा. दसऱ्याच्या आसपास, पाऊस उघडला की, अकराच्या सुमाराला पेटी उघडा. आधी बाजूला कान लावून बोटानं एक टकटक. सगळ्या मिळून 'श्श्श' करून लगेच गप्प झाल्या तर बहुधा घर ठीक आहे. रडल्यासारखा लांबलचक आवाज घुमत राहिला तर राणीची शंका घ्या. मग मधली चौकट उचला. राणी दिसायलाच पाहिजे असं नाही, आठ-आठ चौकटी उलटसुलट करून तिला शोधत बसू नका. ऊन पाठीवर घ्या, चौकट तिरकी धरा आणि घरांच्या तळात बघा. साबुदाण्याच्या कणापेक्षा बारीक पांढरी काडी उभी दिसली तर ते कालपरवाचं अंडं, म्हणजे राणी आहे. एका घरात एकच आणि तळाच्या मधोमध हवं. दोन-दोन, तीन-तीन, कडेला चिकटलेली दिसली तर राणी गेली आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत. ती पेटी दुसऱ्या राणीवाल्या पेटीत मिसळणं बरं.

मग माश्यांनी भरलेल्या चौकटी मोजा. चार असतील तर चारच ठेवा. रिकामी, काळी पडलेली पोळी काढून घ्या आणि उरलेल्या जागेला फळी लावा. थर्माकोलचं काम ही फळी करते. चार खोल्यांच्या घरात दोघं म्हातारी राहिली की मागच्या खोलीत घुशी येतात, तसं आहे हे. माश्या जेवढी पोळी झाकू शकतात तेवढीच राखू शकतात. बाकीच्यावर मेणपतंग अंडी घालतो. माझ्या पेटीतल्या त्या जाळ्या आणि अळ्या त्याच्याच.

तळपाट काढून खरवडा. तिथल्या मेणाच्या भुग्यातच किड्याची पहिली पिढी वाढते. दार दोन बोटांएवढं ठेवा. छपरावर पत्रा किंवा कौल चालेल, पण झाकणाच्या जाळीवर काही कोंबू नका, आतली वाफ बाहेर गेली पाहिजे. पेटी मागं कणभर उंच ठेवा म्हणजे दव पुढं ओघळतं. तोंड पूर्वेला असलं तर सकाळचं ऊन आधी लागतं आणि माशी अर्धा तास आधी कामाला निघते. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना? पावसात त्या आपोआप भरतात, थंडीत आटतात, आणि मुंगळे नेमके तेव्हा चढतात.

आणि मध? यंदा काढू नका. अजिबात. पहिला मध पुढच्या चैत्र-वैशाखात, जांभळीचा बहर झाल्यावर.

प्रश्न : शेजारी गुऱ्हाळ सुरू झालंय. आमच्या माश्या सगळ्या तिकडंच. काहिलीत, मळीत पडून मरतात. गुऱ्हाळवाले रोज भांडायला येतात. – निपाणीजवळून

भांडणात तेही खोटे नाहीत, मावशी. रसात माश्या पडल्या तर त्यांनी गूळ कसा घालायचा? आणि तुमच्या माश्यांचंही चुकत नाही. तुमच्या भागात मैलन् मैल ऊस, उरल्या रानात तंबाखू. तंबाखूचे शेंडे खुडले जातात, त्याचं फूल माशीच्या वाट्याला येतंच कुठं? चुलवाणाचा वास सुटला की भुकेली पेटी तिकडं धावणार.

सातेरी साधारण किलोमीटरभराच्या टापूत फिरते. गुऱ्हाळ बांधाला लागून असेल तर पेटी हंगामापुरती हलवणं हाच उपाय. दिवस मावळला, सगळ्या आत आल्या, की दाराला जाळी लावून दोन-अडीच किलोमीटर पलीकडं न्या. कारळे किंवा तूर फुलावर असलेलं शेत मिळालं तर सोनं. पण तुरीवर फवारणी कधी आहे ते शेतकऱ्याला विचारा. संध्याकाळी उशिरा फवारायला सांगा, निदान भर उन्हात तरी नको. चार-दोनशे मीटर हलवून उपयोग नाही, माश्या जुन्या जागीच परत येऊन घिरट्या घालतात.

गुऱ्हाळवाल्यांना रसाच्या टाकीवर टाकायला एक जुनी मच्छरदाणी तुम्हीच नेऊन द्या. मळीचा डबाही झाकायला लावा, माश्या जास्त तिथंच चिकटतात. भांडण निम्मं मिटेल.

एक विचारते, राग मानू नका. त्या दिवसांत साठलेलं तुम्ही मध म्हणून विकत तर नाही ना? फुलातल्या रसाचा तो मध. उसाच्या रसाचं माशीनं काही केलं तरी तो मध नव्हे. ते माश्यांनाच राहू दे.

प्रश्न : साखरेचा पाक किती द्यायचा? गूळ चालेल का? – खानापूर

गूळ नको, काकवी नको, माश्यांना हगवण लागते. बाजारातला मध तर मुळीच नको, त्यातून दुसऱ्या पेटीचा रोग घरात येतो. साधी पांढरी साखर. पावसाळ्यात, किंवा राणीला अंड्यांवर आणायचं असेल तर, एक वाटी साखरेला एक वाटी पाणी. दसऱ्यानंतर साठा कमी दिसला तर दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. पाणी कोमट करून त्यात विरघळवा, चुलीवर आटवू नका.

द्यायचा तो दिवस मावळल्यावर आणि पेटीच्या आत. मी नारळाच्या करवंटीत ओतते आणि वर वाळलेल्या गवताच्या चार काड्या टाकते, नाहीतर माश्या बुडतात. सकाळपर्यंत संपेल एवढाच. बाहेर एक थेंब सांडला तरी दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात, आणि एकदा लूट सुरू झाली की धूर दाखवूनही आवरत नाही. दोन पेट्या असतील तर दोन्हींना एकाच संध्याकाळी द्या. आणि चौकटींच्या वरच्या अंगाला मेणानं बंद केलेल्या मधाची चार बोटं पट्टी असेल तर पाक देऊच नका.

प्रश्न : गच्चीवर पेटी आहे. रोज सकाळी दारात पांढऱ्या अळ्या टाकलेल्या दिसतात. थंडीनं मरतात का? – वडगाव, बेळगाव

एक अळी चिमट्यानं उचलून बघा, ताई. वळवळत असेल, करडी असेल, पळू बघत असेल तर ती मेणपतंगाची. माश्या स्वतःच हाकलताहेत, तुम्ही फक्त रिकामी पोळी काढून घ्या. मेलेली असेल, पण अंगानं धड असेल, तर ऊब द्यायला माश्या कमी पडून पिलाव, म्हणजे घरांतली अंडी-अळ्या, गारठली असण्याची शक्यता आहे. वर सांगितलेली फळी लावा.

पण उचलल्यावर ती पाण्यानं भरलेल्या इवल्या पिशवीसारखी लोंबली, आणि पोळ्यात डोकं वर करून होडीसारखी मरून पडलेल्या आणखी दिसल्या, तर तो थैली रोग. 1991–92 च्या सुमाराला कर्नाटकात या विषाणूनं सातेरीच्या पेट्याच्या पेट्या ओस पाडल्या होत्या. औषध नाही. कुणी पावडर विकत असेल तर पैसे वाचवा. पिलाव खराब झालेल्या चौकटी काढून जाळा, उरलेल्या माश्या थोडक्या चौकटींवर दाटीनं बसवा, पाक द्या. राणीला काही दिवस अंडी घालू न देता रोगाची साखळी तोडतात, पण ते पहिल्या वर्षी एकट्यानं करू नका, जाणत्या माणसाला बोलवा. तुमची चौकटी उचकायची पटाशी आणि हातमोजे दुसऱ्याच्या पेटीला लावू नका. ती वसाहत वाटून कुणाला देऊ नका, बहिणीलासुद्धा नाही.

आणि गच्चीवर आहे म्हणता, तर छपरावर वीट ठेवा. थंडीतला पूर्वेचा वारा तिथं मोकळाच फिरतो. माझ्या भाचीच्या पेटीचं झाकण एका रात्रीत शेजारच्या पत्र्यावर गेलं होतं.