परराष्ट्र घडामोडींचे कार्यक्रम करायचे आहेत : पदवी माध्यमांची घ्यावी की विषयाची?

प्रश्न : मी लातूर येथे माध्यमिक शिक्षक आहे. माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेत शिकत आहे. परंतु अभियांत्रिकीकडे किंवा वैद्यकीयकडे जाण्याची तिची इच्छा नाही. गेली दोन वर्षे ती संसद टीव्ही आणि डीडी इंडिया या वाहिन्यांवरील परराष्ट्र धोरणविषयक चर्चा नियमाने पाहते, टिपणे काढते आणि आपल्याला असेच कार्यक्रम तयार करायचे आहेत असे सांगते. त्यासाठी मुंबईत मास मीडियाच्या पदवीला प्रवेश घ्यावा असे तिला वाटते. या क्षेत्रात खरोखर नोकऱ्या आहेत का? तिचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, ते आड येईल का? की तिला स्पर्धा परीक्षेकडेच वळवावे?

उत्तर : स. न. वि. वि.

आपल्या मुलीला पडद्यावर दिसण्यापेक्षा कार्यक्रम घडवण्याची ओढ आहे, हे आपल्या पत्रावरून कळते आणि माझे उत्तर त्याच आधारावर लिहीत आहे. माझे मत आरंभीच नोंदवणे बरे : मास मीडियाची पदवी तिने आता घेऊ नये. पदवीची वर्षे इतिहास, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र यांपैकी एका विषयाला आणि त्याच्या जोडीने एका परकीय भाषेला द्यावीत. दूरचित्रवाणीचे तंत्र त्यानंतर वर्षभरात शिकता येते. उलट क्रमाने गेलेले विद्यार्थी माझ्याकडे बरेच येतात. त्यांना संकलनाचे सॉफ्टवेअर उत्तम हाताळता येते, पण होर्मुझची सामुद्रधुनी कोणत्या देशांच्या मधून जाते असे विचारले, की ते गप्प होतात.

परराष्ट्र धोरणावरील अर्ध्या तासाच्या चर्चेत प्रेक्षकाला तीन पाहुणे आणि एक सूत्रसंचालक दिसतात. सकाळच्या बैठकीत विषय ठरल्यापासून ध्वनिचित्रमुद्रणापर्यंत संशोधकाच्या हाती मात्र जेमतेम काही तास असतात. समजा, विषय इराणमधील चाबहार बंदराचा आहे. संशोधकाने दोन-तीन पानांत २००३ मधील भारत-इराण बोलणी, २०१६ चा भारत, इराण आणि अफगाणिस्तान यांचा त्रिपक्षीय करार, २०१८ मध्ये अमेरिकेने या बंदरापुरती इराणवरील निर्बंधांतून दिलेली सवलत आणि मे २०२४ मध्ये झालेला दहा वर्षांचा संचालन करार हा क्रम नेमका मांडायचा असतो. ग्राफिक्सवाल्यांना नकाशा द्यायचा असतो आणि सूत्रसंचालकाला इराणी नावांचे उच्चार लिहून द्यायचे असतात. निवृत्त राजदूत, विद्यापीठातील प्राध्यापक आणि एखाद्या अभ्यास संस्थेतील तज्ज्ञ यांना वेळेवर गाठणे हे गेस्ट कोऑर्डिनेटरचे काम असले, तरी त्यांपैकी इराणवर अधिकाराने कोण बोलू शकेल आणि जगातील सर्वच विषयांवर बोलण्यास कोण सदैव तयार असते, हे संशोधकाला ओळखता आले पाहिजे. (दुसऱ्या प्रकारच्या तज्ज्ञांची कोणत्याच वाहिनीला वाण नसते.) रनडाऊन (कार्यक्रमातील भागांचा क्रम) लावणे, ॲस्टनच्या, म्हणजे पडद्याच्या तळाशी दिसणाऱ्या, पट्टीसाठी मजकूर देणे, पीसीआरमधून (निर्मिती नियंत्रण कक्षातून) सूत्रसंचालकाच्या कानात सूचना देणे ही कामे काही महिन्यांत अंगवळणी पडतात. विषय आणि त्यातील जाणकार ओळखण्याच्या संशोधकाच्या कामाला मात्र वर्षे लागतात.

ज्यांनी या प्रकारात नाव कमावले, त्यांचा शिक्षणक्रमही हेच दाखवतो. फ्रान्स आणि जर्मनी यांनी मिळून चालवलेल्या आर्टे या सार्वजनिक वाहिनीवर ज्याँ-क्रिस्तोफ व्हिक्टर यांनी जवळजवळ सर्वस्वी नकाशांच्या आधाराने जगाचे राजकारण समजावून सांगणारा एक छोटा साप्ताहिक कार्यक्रम वर्षानुवर्षे केला. ते मूळचे मानववंशशास्त्राचे अभ्यासक होते आणि २०१६ मध्ये त्यांच्या निधनानंतरही तो कार्यक्रम चालू राहिला. मुंबईत वाढलेले फरीद झकारिया, ज्यांचे वडील रफीक झकारिया आपल्या मराठवाड्यातून, औरंगाबादेतून, विधानसभेवर निवडून गेले होते, त्यांनी येलमध्ये इतिहास आणि हार्वर्डमध्ये राज्यशास्त्र शिकून डॉक्टरेट मिळवली, परराष्ट्र धोरणाला वाहिलेल्या एका नियतकालिकाचे संपादन केले आणि त्यानंतर २००५ मध्ये अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर आंतरराष्ट्रीय घडामोडींचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. झकारिया यांना लाभलेली परिस्थिती सर्वांना लाभत नाही, त्यामुळे त्यांच्या यशाचे माप आपल्या मुलीला लावू नये. त्यांच्या अभ्यासाचा क्रम मात्र अवश्य पाहावा.

आता लातूरविषयी, कारण आपण ज्याला अडचण समजत आहात त्यात मला तिचे भांडवल दिसते. लातूरच्या बाजार समितीत तुरीचे भाव उतरले, की बोलणे आयात धोरणापर्यंत जाते, हे आपण दर हंगामात ऐकत असाल. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांच्या मोझांबिक दौऱ्यात तूर आणि इतर कडधान्यांच्या खरेदीचा समझोता झाला; पहिल्या वर्षी एक लाख टनांपासून आरंभ करून २०२०-२१ पर्यंत हे प्रमाण दोन लाख टनांवर नेण्याचे त्यात ठरले होते. २०२१ मध्ये मलावी आणि म्यानमार यांच्याशीही असेच समझोते झाले. शहरातील ग्राहकाला डाळ परवडावी ही सरकारची एक गरज, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील देशांत भारताचे स्थान टिकावे ही दुसरी, आणि या दोन्हींचा भार ज्याच्या पिकाच्या भावावर येतो तो औसा किंवा निलंगा तालुक्यातील शेतकरी, असा हा विषय आहे. लासलगावच्या कांद्याचेही तेच. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतील उद्योजकांच्या सभेत भारताच्या कांदा निर्यातबंदीवर हसत हसत तक्रार केली, कारण बंदीची पूर्वसूचना न मिळाल्याने त्यांच्या देशात कांदा महागला होता. अशा विषयावर चर्चा झालीच, तर दिल्लीतील निर्मात्याला राजदूत सुचतो, अडतदार सुचत नाही. दोघांनाही एकाच कार्यक्रमात आणून त्यांच्याशी जाणतेपणाने बोलू शकणारी व्यक्ती कोणत्याही संपादकाला हवीच असेल.

भाषेची निवड याच दृष्टीने करावी. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे आणि जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी यांसारख्या भाषांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम दुसरी पदवी चालू असताना करता येतात. बहुतेक मुले जर्मन किंवा फ्रेंच घेतात आणि त्यात वावगे काही नाही. पण वृत्तविभागात रशियन, अरबी, फारसी किंवा चिनी वाचू शकणारा माणूस अधिक दुर्मीळ असतो. मोझांबिक, अंगोला आणि ब्राझील या तिन्ही देशांची राजभाषा पोर्तुगीज आहे, आणि ती शिकण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचे शिक्षण पदव्युत्तर पदवीपर्यंत उपलब्ध आहे. दिल्लीत पाठवण्याची आपली तयारी असेल, तर जवाहरलाल नेहरू विद्यापीठात परकीय भाषेची पदवी आणि पुढे त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यास संकुलात एम. ए. हा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो.

विषयाची बैठक पक्की झाल्यावर तंत्रासाठी दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचा रेडिओ-टीव्ही पत्रकारितेचा अभ्यासक्रम किंवा जामिया मिल्लियाचे जनसंचार केंद्र यांचा विचार करावा. जनसंचार संस्थेचे एक केंद्र अमरावतीतही आहे आणि तेथे मराठी पत्रकारिता शिकवली जाते. दिग्दर्शन किंवा संकलन यांतच तिचे मन रमले, तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट व दूरचित्रवाणी संस्थेत दूरचित्रवाणी विभागाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. सुट्ट्यांमध्ये मुंबईतील गेटवे हाउस किंवा ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशनच्या मुंबई केंद्रासारख्या अभ्यास संस्थांत इंटर्नशिप मिळवण्याचा प्रयत्न करावा, कारण चर्चेला येणारे पाहुणे बऱ्याच अंशी अशाच संस्थांतून येतात.

नोकऱ्यांबाबत आपल्याला आशादायक चित्र रंगवून सांगणे योग्य होणार नाही. हे क्षेत्र लहान आहे. लोकसभा आणि राज्यसभा यांच्या दोन वाहिन्या २०२१ मध्ये एकत्र होऊन संसद टीव्ही झाली, म्हणजे दोन दारांचे एक दार झाले. डीडी इंडिया ही दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती महामंडळाकडे आहे. तेथील संपादकीय भरती मोठ्या प्रमाणात कंत्राटी असते, मुदत बहुधा एक-दोन वर्षांची असते आणि ती वाढेलच याची खात्री नसते. परदेशात स्थैर्य असते असेही मानू नये : अमेरिकेच्या संसदेने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर झालेला सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला आणि पीबीएसला कपात करावी लागली. म्हणूनच विषयाच्या पदवीचा आग्रह मी पुन्हा धरणार आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांत एम. ए. आणि एक परकीय भाषा असलेली मुलगी वाहिनीचे काम सुटले तरी अभ्यास संस्था, अध्यापन, अनुवाद, निर्यात व्यवसाय किंवा वृत्तपत्र यांकडे जाऊ शकते. मास मीडियाच्या पदवीधराला इतकी दारे उघडी नसतात. मराठीतही काही जागा आहेत. बीबीसी मराठी २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिचा मजकूर २०२४ पासून कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी तयार करते. दूरदर्शन आपले काही कार्यक्रम बाहेरच्या निर्मात्यांकडूनही करून घेत आले आहे. शुक्रवारी रात्री लागणारा, प्रणय रॉय यांचा १९८८ मध्ये सुरू झालेला जगाच्या बातम्यांचा इंग्रजी कार्यक्रम आपल्याला आठवत असेल, तो असाच एका खासगी संस्थेने दूरदर्शनसाठी केला होता.

स्पर्धा परीक्षेविषयी आपण विचारले आहे, तर ती या वाटेच्या विरुद्ध दिशेला नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय माहिती सेवेत निवड होते आणि त्या सेवेतील अधिकाऱ्यांच्या नेमणुका डीडी न्यूज, आकाशवाणीचा वृत्तविभाग आणि पत्र सूचना कार्यालय येथे होतात. कायम नोकरी आणि सार्वजनिक प्रसारण हे दोन्ही एकत्र मिळण्याचा हा एक प्रमुख मार्ग आहे. तथापि ती सरकारी सेवा आहे, आणि तेथे मांडायची भूमिका आपली नसते. तसे पाहिले तर प्रसार भारतीचा कायदा १९९० चा असून महामंडळ १९९७ पासून स्वायत्त म्हणवते, परंतु पैसा मुख्यतः केंद्र सरकारकडून येतो आणि परराष्ट्र धोरणावरील चर्चांत सरकारी भूमिकेला छेद देणारा आवाज क्षीण असतो. मुलीने हे आतापासून तपासून पाहावे : परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संसदेतील प्रश्नोत्तरे आणि दोन देशांची संयुक्त निवेदने असतात, तीच घटना दुसऱ्या देशाच्या निवेदनात कशी मांडली आहे, हे शेजारी ठेवून वाचावे, आणि चर्चेत काय वगळले गेले ते टिपावे. निव्वळ चर्चेची टिपणे काढण्यापेक्षा या सवयीचा उपयोग अधिक होईल.

मराठी माध्यमाची काळजी फार करू नये, पण इंग्रजी वाचनाकडे दुर्लक्षही करू नये, कारण करार, अहवाल आणि पाहुण्यांचे लेखन बहुतांशी इंग्रजीत असते. रोज एक इंग्रजी वृत्तपत्रीय लेख वाचून त्याचा दहा ओळींत मराठी सारांश लिहिला, तर वर्षभरात दोन्ही भाषा सुधारतात. दिल्लीतील केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा असते आणि ती मराठीतूनही देता येते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला कोणत्या अभ्यासक्रमासाठी कोणते विषय निवडावे लागतात, हे त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहून ठरवावे. अर्ज भरण्याची मुदत दरवर्षी बदलते आणि बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या मागेपुढे येते, त्यामुळे डिसेंबरपासूनच तिकडे लक्ष ठेवावे.