मेथाडोन चालू आहे, मग टर्की का लागते?

"ताई, औषध रोज घेतो म्हणतो. मग हे परत का सुरू झालं? पुन्हा गर्द ओढत असेल ना?"

गर्द, म्हणजे हेरॉइन, सुटावं म्हणून मेथाडोन हे औषध घेणाऱ्या मुलांच्या आया, बायका हे मला सारख्या विचारतात. 'हे' म्हणजे टर्की, नशा तुटल्यावर अंगाला होणारा त्रास. विचारेपर्यंत बहुतेक घरी रणकंदन होऊन गेलेलं असतं. परळच्या एका मावशींचंही तेच झालं होतं. त्यांच्या मुलाला इथे संतोष म्हणू, नाव बदललंय.

संतोषची घडी छान बसली होती. सकाळी आमच्या मेथाडोन केंद्रावर यायचा, नर्ससमोर सिरप प्यायचा आणि कामावर जायचा. मेथाडोन अफूच्याच जातीचं, पण सावकाश ओसरणारं. गर्दची टर्की सहा ते बारा तासांत लागते. मेथाडोनचा डोस नीट बसला की दिवसाला एकदा घेऊन भागतं. आणि आता हाच मुलगा रात्रभर पाय झाडत होता. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब. थोरल्या भावाने मुस्काटात दिली, मावशींनी कपाटाला कुलूप घातलं.

संतोष समोर बसला तेव्हा मी आधी त्याचे डोळे पाहिले. गर्द ओढलेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. याच्या चांगल्या मोठ्या होत्या. लघवीच्या तपासणीतही गर्द निघालं नाही. दुसरं काही औषध घेतोस का, विचारलं तर मान हलवून नाही म्हणाला. मग मावशीच चाचरत बोलल्या, "त्याला हल्ली लघवी लाल होते. चड्डीवर डाग दिसले मला."

टीबीच्या गोळ्या! त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी लाल-नारिंगी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हेच औषध यकृताला मेथाडोन भराभर मोडायला लावतं. डोस तोच, तरी आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातलं मेथाडोन इतकं उतरतं की टर्की लागते. टीबीच्या दवाखान्यात संतोषने मेथाडोनचं नाव काढलं नव्हतं, गर्दुल्ला म्हणतील म्हणून. आमच्याकडे टीबीचं लपवलं, बरोबरची मुलं लांब बसतील म्हणून. या भीतीपायी तो मुकाट्याने मार खात होता, याचं मला फार वाईट वाटलं.

आमच्या डॉक्टरांनी टीबीच्या डॉक्टरांशी बोलून मेथाडोनचा डोस टप्प्याटप्प्याने वाढवला. टीबीची एकही गोळी बंद केली नाही. हळूहळू संतोष झोपू लागला. भावाला मी मुद्दाम बोलावून सगळं समजावलं. तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने संतोषच्या गोळ्यांची वेळ विचारून घेतली.

तुमच्या घरी असं झालं तर आधी विचारा, नवीन गोळी कुठली सुरू झाली? फिटच्या आणि एचआयव्हीच्या काही गोळ्यांनीही असं होतं. मात्र घरच्या घरी मेथाडोन वाढवू नका. टर्की दाबायला दारू किंवा झोपेच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्याने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. माणूस हलवून उठत नसेल, घोरल्यासारखा अडखळत श्वास घेत असेल, ओठ निळे पडले असतील, तर लगेच 108 ला फोन करा.

टीबीचा कोर्स संपला की रिफाम्पिसिनचा परिणाम ओसरतो आणि वाढवलेला डोस अंगावर येऊ शकतो. म्हणून शेवटची गोळी कधी आहे ते मेथाडोनच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.