हॉस्टेलवर राहून कॅशबॅक अ‍ॅप्सनी खरंच पैसे वाचतात का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहात, हॉस्टेलवर राहता, घरून महिन्याला ठरावीक पैसे येतात आणि त्यातले थोडे कॅशबॅक अ‍ॅप्स वापरून वाचवायचेत. मीही पुण्यातच कॉट बेसिसवर राहून एम.कॉम. केलं आणि ही अ‍ॅप्स अजूनही वापरतो. पैसे वाचतात, पण वस्तू घ्यायचीच हे आधी ठरलेलं असेल तर. ऑफर बघून खरेदी ठरवायला लागलात की महिनाअखेरीला हात आखडतोच.

हे पैसे येतात कुठून ते आधी समजून घ्या. कॅशकरोसारखी अ‍ॅप्स ऑनलाइन दुकानांकडे गिऱ्हाईक पाठवतात. दुकान त्याबद्दल कमिशन देतं आणि त्यातला हिस्सा तुम्हाला मिळतो. म्हणजे तुम्ही त्या अ‍ॅपकडून आलात याची दुकानाकडे नोंद व्हायला हवी, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. मी वस्तू आधी दुकानाच्या अ‍ॅपवर नीट बघून घेतो, पण कार्टमध्ये टाकत नाही. मग कॅशबॅक अ‍ॅपमधली लिंक दाबून दुकानात शिरतो, वस्तू कार्टमध्ये टाकतो आणि तिथल्या तिथे पैसे भरून मोकळा होतो. मध्येच दुसऱ्या साइटवर कुपन शोधायला गेलात तर नोंद त्या साइटच्या नावावर जाऊ शकते आणि आपला कॅशबॅक बुडतो. अ‍ॅडब्लॉकर (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) चालू असला तरी तीच गत. दोन-तीन दिवसांत ऑर्डर अ‍ॅपमध्ये दिसली नाही तर ऑर्डर नंबर आणि बिल जोडून तक्रार टाका, म्हणून बिल जपून ठेवा.

ऑर्डर दिसली तरी सुरुवातीला ‘पेंडिंग’ असते. वस्तू परत करायची मुदत संपल्याशिवाय दुकान कमिशन पक्कं करत नाही, त्यामुळे पैसे हातात पडायला महिना-दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मेसवाल्या काकूंना पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्यायचे असतात, तेव्हा पेंडिंगमधला रुपया हिशोबात धरूच नका. शिवाय काही दुकानांवरचा लाभ बँकेत जमा न होता गिफ्ट व्हाउचरच्या रूपात मिळतो. तो पुन्हा तिथेच खर्च करावा लागतो, त्यामुळे मी त्याला बचत म्हणत नाही.

टक्केवारीखालची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. समजा ‘१० टक्के कॅशबॅक, किमान खरेदी ४९९, कमाल ५० रुपये’ अशी ऑफर आहे. ५०० रुपयांच्या बिलावर ती खरंच १० टक्के आहे. १,५०० च्या बिलावर मात्र तेच ५० रुपये, म्हणजे साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. आणि ३८० चं सामान हवं असताना ४९९ गाठायला वर ११९ ची बिस्किटं घेतलीत, तर ५० मिळवायला ११९ घातले.

यूपीआय अ‍ॅप्सकडून आता फार अपेक्षा ठेवू नका. गुगलचं तेझ (आताचं गुगल पे) २०१७ मध्ये आलं तेव्हा गिऱ्हाईक ओढण्यासाठी रोख बक्षिसं होती. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून केलेल्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, म्हणजे त्या व्यवहारातून अ‍ॅपला फारसं सुटत नाही. म्हणून स्क्रॅच कार्डातून आता बहुतेक वेळा कुठल्यातरी ब्रँडचं कुपनच निघतं. यूपीआय सोयीसाठी वापरा.

त्यापेक्षा सवलतीत मिळणारी गिफ्ट कार्डं मला जास्त पटतात. ५०० चं व्हाउचर ४८० ला मिळालं तर २० रुपये तिथेच वाचले, वाट बघणं नाही. फक्त महिन्यात लागेल तेवढ्याच रकमेचं घ्या.

तुमचे खरे मोठे पैसे मात्र अ‍ॅपबाहेर वाचणार आहेत. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी घ्या, वर्ष संपलं की विका. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, विद्यार्थी पास काढा. गावाहून ये-जा करणारे मित्र असतील तर त्यांना सांगा, एसटीच्या विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत असते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. एवढी सूट कुठलंच कॅशबॅक अ‍ॅप देणार नाही. लोकलचं तिकीट काढत असाल तर रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर आर-वॉलेटमधून (आधी पैसे भरून ठेवायचं रेल्वेचं पाकीट) अनारक्षित तिकिटावर ३ टक्के सुटतात. रक्कम लहान आहे, पण त्यासाठी जास्तीचं काही विकत घ्यावं लागत नाही.

दोन गोष्टींपासून मात्र लांबच राहा, कारण यात मुलं अडकलेली मी जवळून पाहिली आहेत. पहिली म्हणजे ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ निवडल्यावर मिळणारा जादा कॅशबॅक. ते कर्जच आहे. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिलवर (कर्जफेडीचा इतिहास ठेवणारी संस्था) नोंद होते आणि पुढे शैक्षणिक कर्ज काढताना ती आडवी येते. दुसरी म्हणजे फसवणूक. ‘कॅशबॅक जमा करण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. टेलिग्रामवरची ‘रिव्ह्यू लिहा, पैसे मिळवा’ ही कामंही तशीच. आधी शंभर-दीडशे रुपये खरंच देतात आणि विश्वास बसला की ‘पुढच्या टास्कसाठी’ भरायला लावतात. असं कुणाचं झालं तर लाजून गप्प बसू देऊ नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला लावा. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.