वह्या घेऊन जा, ताई

ताई, शाळेतल्या बाईंनी तुमच्या लेकराला डिस्लेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचताना-लिहिताना येणारी अडचण, असल्याची शंका बोलून दाखवलीय ना, मग तपासणीसाठी दहावीपर्यंत थांबू नका. आणि तोवर लेकराला आळशी म्हणू देऊ नका, घरातल्यांनाही. मुंबईत सायन किंवा नायर रुग्णालयात तपासणी होते. गर्दी खूप असते, म्हणून नाव आताच नोंदवा. जाताना वर्गपाठाच्या वह्या न्याच. 'ब'च्या जागी 'व', गाळलेले काने-मात्रा, अर्ध्यात सोडलेलं उत्तर, हे गुणपत्रिकेत दिसत नाही. तपासणीनंतर डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिकही. शाळा "आमच्याकडे सोय नाही" म्हणाली, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. तोंडी बोलण्यावर विसंबू नका. पोचपावतीवर शिक्का घेऊनच बाहेर पडा.