नव्या निवासी डॉक्टरांस

सोलापुरात विडी वळणाऱ्या मावशींना ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर त्या मनापासून ‘नाही’ म्हणतील, कारण रोज दातांना लावायची मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) त्यांच्या लेखी तंबाखू नसतेच; म्हणून मिश्रीचे नाव घेऊन, किती वर्षे आणि दिवसातून किती वेळा, हे विचारा. तोंडातली जखम ३ आठवड्यांत भरली नसेल, तर तो कॅन्सर असू शकतो; बायोप्सी (जखमेचा तुकडा काढून तपासणी) लांबवू नका.

अहवाल सांगण्याआधी मुलगा दारातच ‘आईला सांगू नका’ म्हणेल. त्याच्यावर रागावू नका, पण किती जाणून घ्यायचे आहे, हे आईंनाच विचारा. तेलुगू बोलणाऱ्या आजींना नातवाकरवी निदान कळवणे मला क्रूर वाटते. भाषा जाणणारी परिचारिका बोलवा. शेजारी बसा, ‘कॅन्सर’ हा शब्द एकदा स्पष्ट उच्चारा आणि त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत असतील, तोवर उपचारांविषयी बोलू नका.