स्लॅलमसाठी जुनी इनबोर्ड बोट: ३८० तास चाललेली १९८९ ची स्की नॉटिक घ्यावी, की १,१५० तास चाललेली १९९४ ची प्रोस्टार १९०?

प्रोस्टार घ्या. (इतर वाचकांसाठी: या दोन्ही स्कीअरला दोराने ओढणाऱ्या, इंजिन आत बसवलेल्या बोटी आहेत, आणि स्लॅलम म्हणजे अशा बोटीमागे तरंगत्या बोयांना वळसे घालत केलेले पाण्यावरचे स्कीइंग.) दोन्ही बोटींची किंमत सारखीच असल्याचे आपण लिहिले आहे आणि नॉटिक ‘जवळजवळ न वापरलेली’ असल्यामुळे तिच्याकडे आपला कल आहे, हेही लपून राहत नाही. नऊ वर्षांपूर्वी मी नेमक्या याच कारणासाठी नेमकी हीच चूक केली होती. म्हणूनच, एरवी वाचून पुढे गेलो असतो, पण आज लिहायला बसलो आहे.

मी मिनेसोटात राहतो. १९२२ च्या जुलैमध्ये, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, राल्फ सॅम्युअल्सनने याच राज्यातल्या पेपिन तलावावर पहिल्यांदा पाण्यावर स्की चालवून दाखवली. त्यामुळे असेल कदाचित, पण बोटींविषयी ठाम मत नसलेला माणूस इथे मला अजून भेटलेला नाही. आमच्या घरात ते मत साडूंचे होते. साडू गाड्यांमधले जाणकार आहेत, सेकंडहँड गाडी घेताना आमच्या साऱ्या गोतावळ्यात त्यांचाच सल्ला चालतो, आणि त्यांचा नियम एकच: आधी मीटर पाहावा, बाकी सगळी रंगरंगोटी. त्या नियमाने आम्ही १९८८ ची स्की नॉटिक २००१ शोधून काढली. ४१० तास, शेडमध्ये ठेवलेली, आरशासारखा रंग, साडेसहा हजार डॉलर. इतकी चांगली बोट इतक्या वर्षांत कोणी वापरली का नाही, एवढेच माझ्या पत्नीने विचारले होते. तो प्रश्न साडूंनी आणि मी हसण्यावारी नेला.

पहिला उन्हाळा उत्तम गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेले की पायाखालची जमीन गुणगुणल्यासारखी थरथरू लागली. प्रोपेलरचा शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत नसतील असे वाटून मी पट्ट्यांच्या गेजने कपलिंगमधली, म्हणजे त्या दोघांना जोडणाऱ्या सांध्यातली, फट चारही बाजूंनी मोजली, इंजिन उचलून सरळ केले, थरथर थांबली, आणि तीन आठवड्यांत ती परत आली. तेव्हा इंजिन ज्यांवर बसते त्या चार माउंटांपैकी मागच्या डावीकडच्या बोल्टला मी पाना लावला. एक फेरा दिला, दोन दिले, तीन दिले. बोल्ट ना आवळला जाईना, ना जागेवर थांबेना. शेवटी तो चिमटीत धरून वर ओढला तर हातात आला. त्याच्या आट्यांमध्ये काळपट भुसा अडकला होता आणि भोकातून चहासारखे तपकिरी पाणी वर आले. भिजलेल्या तरटाचा तो वास मला अजून आठवतो.

झाले होते ते असे. त्या काळातल्या नॉटिकच्या तळाला बळकटी देणारे लांब दांडे, म्हणजे स्ट्रिंगर, लाकडाचे असत. त्यांवर फायबरग्लासचे वेष्टन आणि आजूबाजूच्या पोकळीत फोम. इंजिनाचे बोल्ट त्याच लाकडात जातात. स्क्रूच्या एखाद्या भोकातून पाणी आत शिरले की फोम ते स्पंजासारखे धरून ठेवतो आणि लाकूड आतल्या आत कुजते, वरून काहीही दिसत नाही. कंपनीने १९९३ च्या मॉडेलपासून हे दांडे फायबरग्लासचे केले. १९८९ ची बोट त्याच्या आधीची आहे, आणि १९९४ च्या प्रोस्टारच्या दांड्यांत लाकूड नाही. तासांचा मीटर फक्त लोखंडाचे वय सांगतो. लाकूड कुजायला इंजिन चालू असावे लागत नाही. उलट तळाशी ओंजळभर पाणी घेऊन कव्हराखाली वर्षानुवर्षे उभी राहिलेली बोट अधिक कुजते, आणि अशाच बोटीचे तास कमी असतात. दांडे बदलण्याचा खर्च मला बोटीच्या किमतीहून जास्त सांगण्यात आला.

साडूंचे म्हणणे आजही असे आहे, की बोट चांगलीच होती, मीच पहिल्या हिवाळ्यात इंजिनातले पाणी नीट काढले नाही आणि बर्फाने घात केला. हे मी पुष्कळ वेळा ऐकून घेतले आहे, आता लेखी उत्तर देतो. पाणी राहून गोठले असते तर इंजिनाचा ब्लॉक तडकला असता, आणि वसंतात तेल दुधाळ झालेले दिसले असते. माझ्या इंजिनाचा ब्लॉक शाबूत होता. ते फोर्ड ३५१ मी काढून विकले आणि घेणाऱ्याच्या बोटीत ते आजही चालते आहे. गोठण्याने लोखंड एका रात्रीत फुटते, लाकूड एका हिवाळ्यात कुजत नाही.

आता स्लॅलमविषयी, कारण आपण मुख्यतः तेच विचारले आहे. आपण १८.२५ मीटरच्या दोरावर, ताशी ४८ किलोमीटरने स्की करता. या वेगाला आणि या लांबीला बोटीमागच्या लाटेचा उंचवटा गुडघ्यांना सर्वांत जास्त जाणवतो. दोर तोकडा होत ११.२५ मीटरपर्यंत आला, म्हणजे बोयांच्या कोर्सच्या मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असलेल्या बोयापर्यंतसुद्धा तो पुरेनासा झाला, की लाट हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. जुन्या नॉटिकची लाट मऊ आहे, हे मी माझ्या कटू अनुभवानंतरही नाकारणार नाही. १९९४ च्या प्रोस्टारची मला तितकीच मऊ वाटली आणि बोट स्कीअरच्या ओढीने कमी सरकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेग-नियंत्रक. स्कीअर जोर लावतो तेव्हा बोट मंदावते, आणि हाताने थ्रॉटल सांभाळणारा चालक कितीही तयारीचा असला तरी २५९ मीटरच्या कोर्समध्ये प्रत्येक खेपेला सारखाच वेळ देऊ शकत नाही. परफेक्टपास नावाचा नियंत्रक या दोन्ही केबलवाल्या, म्हणजे थ्रॉटल तारेने चालणाऱ्या, बोटींना बसवता येतो. स्पर्धांमध्ये हल्ली असतो तो झिरो ऑफ नावाचा नियंत्रक या बोटींना चालणार नाही, कारण त्याला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचे इंजिन लागते. एका बोटीत परफेक्टपास आधीच बसवलेला असेल तर किमतीची तुलना त्याप्रमाणे करावी.

हे सगळे मी आपल्या दोन्ही बोटी न पाहता लिहिले आहे. नॉटिकचे दांडे आधीच्या मालकाने बदलले असतील आणि कामाचे फोटो दाखवत असेल, तर माझा निम्मा युक्तिवाद गळून पडतो आणि ती बोट खरोखर घेण्यासारखी ठरते. १,१५० तासांच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मात्र तपासूनच घ्या. तास बिनमहत्त्वाचे असे मी म्हणत नाही, ते शेवटी पाहावेत एवढेच म्हणतो. बोट पाहायला जाताना पाना सोबत न्या आणि मालकाच्या परवानगीने माउंटचे बोल्ट घट्ट होण्याच्या दिशेने थोडे फिरवून पाहा. परवानगी मिळाली नाही, तर बोट पाण्यात उतरवण्याचीही तसदी न घेता परत या.